कासीनोच्या मठाचे दफ्तर

रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान, कासीनो गावाच्या माथ्यावर सुमारे 500 मीटर उंचीच्या ज्या डोंगरावर इ. स. 529 च्या सुमारास नुर्सियाचा संत बेनेडिक्ट आपल्या शिष्यांसह येऊन स्थिरावला, तो डोंगर निर्जन नव्हता. अपोलोचे प्राचीन देवालय तेथे उभे होते आणि आसपासचे कृषीवल तेथील राईत आपले नवससायास निष्ठेने फेडीत होते. बेनेडिक्टने मूर्ती फोडली, वेदी उलथून टाकली, राई जाळली, देवालयात संत मार्टिनचे आणि वेदीच्या जागी संत योहानाचे प्रार्थनास्थळ स्थापले, असे पोप ग्रेगरी याने त्याच शतकाच्या अखेरीस कौतुकाने लिहून ठेवले आहे. ज्यांचा देव गेला त्यांची कैफियत मात्र कोणी लिहून घेतली नाही.

भंजनाने ज्याचा आरंभ झाला त्या मठाच्या वाट्यालाही भंजनच वारंवार आले. अर्धशतक लोटते न लोटते तोच लाँबार्डांनी तो लुटला. सन 718 च्या सुमारास पुन्हा वसला, तर 883 मध्ये सारासेनांनी जाळला आणि मठाधिपती बेर्थारियस याचा वध केला. साधू तेआनो व कापुआ येथे परागंदा झाले, आणि सुमारे 950 मध्ये परतून पाहतात तो मठाच्या जमिनींवर शेजारच्या जमीनदारांचे हक्क रुजलेले.

येथून पुढे या संस्थेचा जो गुण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो दिसू लागतो, आणि तो तपश्चर्येचा नव्हे, चिकाटीने कागद राखण्याचा आहे. मठाधिपती आलिजेर्नो याने एकेक कज्जा न्यायासनापुढे नेला. 960 च्या मार्च महिन्यात कापुआ येथे झालेल्या निवाड्यात साक्षीदारांनी एकामागून एक येऊन, या चतुःसीमेतील जमीन तीस वर्षे संत बेनेडिक्टच्या पक्षाच्या वहिवाटीत आहे, अशी जबानी दिली. लेखकाने बाकीचा महजर लॅटिनमध्ये लिहिला, पण जबानी मात्र लोकांच्या बोलीत जशीच्या तशी उतरवली, आणि इटालियन भाषेचा सर्वांत जुना सनवार पुरावा म्हणून विद्वान आज याच जमिनीच्या वादाकडे बोट दाखवितात.

मठाधिपती देसिदेरियस याच्या कारकिर्दीत (1058 ते 1087) मठाचे वैभव शिखरास पोहोचले. कॉन्स्टँटिनोपलहून कांस्याची द्वारे आली, 1071 मध्ये नव्या मंदिराची प्रतिष्ठापना खुद्द पोपच्या हस्ते झाली, आफ्रिकेहून आलेल्या कॉन्स्टंटाइनने अरबी वैद्यकग्रंथ येथेच लॅटिनमध्ये आणले, आणि टॅसिटसच्या इतिहासग्रंथांचे जे भाग केवळ एकाच प्राचीन प्रतीवर तगले आहेत, ती प्रत येथल्याच लेखनशाळेत नकलली गेली. पुढल्या शतकातील ग्रंथपाल पीटर डीकन याने मात्र मठाच्या सनदांची बृहद् नोंदवही सिद्ध करताना जेथे अस्सल सनद नव्हती तेथे बनावट रचण्यासही मागेपुढे पाहिले नाही. दफ्तरावर एवढे प्रेम असावे काय, असा प्रश्न पडतो खरा. परंतु बनावट कागद करणारालाही कागदाची मातब्बरी ठाऊक असावी लागते.

1349 च्या भूकंपाने इमारत पाडली, ती पुन्हा उभी राहिली. 1866 मध्ये इटालियन सरकारने मठांच्या मिळकती खालसा केल्या, तेव्हा साधू आपल्याच वास्तूचे रखवालदार झाले. 1943 च्या अखेरीस युद्ध जवळ येताच जर्मन सैन्यातील श्लेगेल आणि बेकर या दोन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने दफ्तर व ग्रंथसंग्रह मालमोटारींतून हलवण्यात आला, आणि तो सारा रोममध्ये सुरक्षित राहिला. 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्तांच्या विमानांनी मठाचा चुराडा केला. मठावर बॉम्ब टाकण्याची मागणी पुढे रेटणारांत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर होते. मठाच्या भिंती किती जाड, हे त्यांनी नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या एका जुन्या ग्रंथातून काढले होते. बॉम्ब पडले तेव्हा आत आश्रयास आलेले नागरिक मेले. जर्मन शिरले ते नंतर, ढिगाऱ्यात, आणि तो ढिगारा त्यांना भिंतींहून अधिक सोयीचा ठरला. मे महिन्यात पोलिश सैन्याने डोंगर घेतला.

डोंगराच्या पायथ्याशी राष्ट्रकुलाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. ज्यांची समाधी कोठे आहे हे ठाऊक नाही अशांच्या नावांच्या तेथील स्मारकशिलांवर, त्याच वर्षीच्या जुलैत इटलीतच धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांचेही नाव आहे.

मठ पूर्वीच्याच आराखड्यावर पुन्हा बांधण्यात आला आणि 24 ऑक्टोबर 1964 रोजी पोप सहावा पॉल याने त्याची प्रतिष्ठापना केली. भोवतालच्या गावांवरील मठाचा धार्मिक अंमल मात्र 2014 मध्ये शेजारच्या धर्मप्रांताकडे वर्ग झाला. मठाधिपतीच्या अखत्यारीत आता फक्त मठ उरला आहे, आणि कापुआच्या निवाड्याचा तो कागद मठाच्याच दफ्तरात आहे.