आधी फेच, मग मर्ज

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये चौघांचा प्रोजेक्ट म्हणजे चार लॅपटॉप आणि एकच सामायिक कोड. त्याचा हिशेब ठेवतं गिट, लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिलेलं.

'गिट पुल' म्हटलं की सर्व्हरवरचे बदल येऊन थेट आपल्या कामात मिसळतात. सबमिशनच्या आदल्या रात्री हे अंगाशी येतं. 'गिट फेच' मात्र ते आणून नुसतं बाजूला ठेवतं, आपल्या फाइलींना हात लावत नाही. पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'प्रून' लिहिलं, की सर्व्हरवर पुसलेल्या शाखांच्या नोंदी इथूनही जातात. 'ड्राय-रन' काय येणार एवढंच दाखवतं.

हॉस्टेलचं वायफाय रडत असेल तर कोड पहिल्यांदा घेताना 'डेप्थ १' द्यावं: शेवटची नोंद तेवढी येते. जुना इतिहास नंतर 'अनशॅलो'ने मागवता येतो.