संगणकांतील दफ्तराचें स्थलांतर

पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील बहुतेक कागद मोडी लिपींत आहेत. कागद शाबूत राहिले, परंतु मोडी जाणणारे थोडे उरल्यामुळें त्यांतील मजकूर सामान्य वाचकास अगम्य झाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले, तेव्हां कोठें ते अभ्यासकांच्या हातीं आले.

संगणकांत साठविलेल्या मराठी कागदपत्रांवरहि आज असाच प्रसंग येतो. पुण्यांतील एखादी कंपनी परवान्याचा खर्च वाचविण्यासाठीं, अथवा एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहणें टाळण्यासाठीं, लिबरऑफिससारख्या मुक्त प्रणालीकडे वळते. २०१० मध्यें सुरू झालेली ही प्रणाली विनामूल्य असून तिची मूळ आज्ञावली सर्वांस खुली आहे. तिच्या फाईली ज्या ‘ओपन डॉक्युमेंट’ पद्धतीनें साठविल्या जातात, ती २००६ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक ठरली. इंग्रजी पत्रें या नव्या घरीं बहुधा सुखरूप पोंचतात. जुनें मराठी पत्र उघडलें कीं मात्र पुष्कळदां रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ समोर येतो.

असें कां व्हावें? संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकानें ओळखतो. युनिकोडनें १९९१ मध्यें देवनागरी वर्णांना स्वतंत्र क्रमांक दिले. परंतु ती पद्धत व्यवहारांत रुळेपर्यंत अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकृत्या बसवीत. डोळ्यांस ‘क’ दिसे. संगणकाच्या लेखीं तें एखादें रोमन अक्षर असे. शिवाय प्रत्येक फॉन्टकर्त्याची मांडणी निराळी. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला कीं मजकुराचा अर्थच हरपतो.

म्हणून हें स्थलांतर दुहेरी आहे: लिपीचें आणि फाईलीचें. लिपीचें आधीं करावें. कोणती फाईल कोणत्या फॉन्टांत आहे याची यादी करून, त्या फॉन्टासाठीं रचलेल्या परिवर्तक आज्ञावलीनें मजकूर युनिकोडमध्यें न्यावा. मग तो माणसानें वाचून पाहावा. ऱ्हस्व वेलांटी अशा फॉन्टांत व्यंजनापूर्वीं येते, तर युनिकोडमध्यें त्याच्या नंतर नोंदली जाते; रफाराचें नेमकें उलट. येथें चूक झाल्यास करारांतील नांवहि बदलूं शकतें. मधले इंग्रजी शब्द परिवर्तक मराठी समजून बिघडवूं शकतो. रकमांचे आंकडे मूळ प्रतीशीं ताडून पाहावे. हिशेबाच्या तक्त्यांतील मॅक्रो नव्या प्रणालींत जसेच्या तसे चालतीलच असें नाहीं. तें काम शेवटीं घ्यावें. मूळ फाईली मात्र कदापि पुसूं नयेत.

जर्मनींतील म्युनिक शहरानें २००३ मध्यें मुक्त प्रणालीचा मार्ग धरला, सुमारें १५,००० संगणक तिच्यावर आणले, आणि २०१७ मध्यें माघारीं वळण्याचें ठरविलें. प्रणालीची निवड अशी कालपरत्वें बदलते. कागदपत्रें खुल्या पद्धतीनें आणि युनिकोडमध्यें ठेवलीं असलीं, तर अशा प्रत्येक बदलांत तीं वाचतां येतात. मोडीचे जाणकार पुण्यांत अजून आहेत; विस्मृत फॉन्टाचा जाणकार शोधून सांपडेलच, असें नाहीं.