मेंढीच्या यकृतांतील कृमि

ओलसर कुरणांत चरणारी मेंढी हळूहळू खंगूं लागते, तिच्या जबड्याखालीं पाणी सांचून सूज येते, आणि अखेर ती मरते. तिचें यकृत चिरून पाहिलें असतां पित्तनलिकांत पानासारखे चपटे, सुमारें इंचभर लांबीचे कृमि सांपडतात. सन १८७९-८० च्या पावसाळी हंगामांत इंग्लंडांत अशा रीतीनें लाखों मेंढ्या दगावल्या. एका मेंढीपासून दुसरीस तर हा रोग लागत नाहीं. मग कृमि येतात कोठून? इंग्लंडांत टॉमस व जर्मनींत लॉयकार्ट ह्यांनीं स्वतंत्रपणें शोध करून १८८३ पर्यंत हें कोडें उलगडलें.

हा प्रत्येक कृमि नरही असतो व मादीही. तो रोज हजारों अंडीं घालतो. तीं पित्ताबरोबर आंतड्यांत व तेथून लेंड्यांवाटे बाहेर पडतात. अंडें मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढें लांब. कोंबडीच्या अंड्यांत बीज व बलक एकाच पेशींत असतात. येथें मात्र बीजपेशी इवलीशी, आणि तिच्याभोंवतीं बलकाच्या निराळ्या पेशी, जणुं शिदोरीच बांधून दिलेली. बीजपेशीचे दोन, दोहोंचे चार असे भाग होत जातात. पाणी व ऊब मिळाल्यास दोनएक आठवड्यांत भ्रूण सिद्ध होतो, आणि उजेड लागतांच अंड्याच्या टोंकाचें झांकण ढकलून बाहेर येतो. कोरड्या जागीं पडलेलें अंडें फुकट जातें.

ह्या पिल्लाच्या अंगावर सूक्ष्म केसांची लव असते व डोक्याशीं दोन नेत्रबिंदु असतात. तें कांहीं खात नाहीं. सुमारें एका दिवसांत त्यास एका विशिष्ट जातीची लहानशी गोगलगाय गांठलीच पाहिजे. नाहीं तर मरण ठेवलेलें! तिच्या अंगांत शिरल्यावर लव गळते व उरते केवळ एक पिशवी. त्या पिशवींत फलनावांचून दुसरीं पिल्लें वाढतात, आणि त्यांच्या पोटांत तिसरीं, शेंपटीचीं. आईच्या पोटांत मूल व मुलाच्या पोटांत नातवंड, असा हा संसार गोगलगाईच्या जिवावर चालतो! एका अंड्यापासून अशीं शेंकडों निपजतात. आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें ह्याचेंच.

शेंपटीवालीं पिल्लें पाण्यांत पोहत गवतास चिकटतात, शेंपूट टाकतात व कवचांत निजून राहतात. मेंढीनें तें गवत खाल्लें कीं कवच फुटतें. पिल्लूं आंतडें भेदून यकृतांत शिरतें, तेथें कित्येक आठवडे पोखरीत राहतें, आणि तीनएक महिन्यांनीं पित्तनलिकेंत अंडीं घालूं लागतें. पाण्यांतील भाजी कच्ची खाणाऱ्या मनुष्यासही तो गांठतो.

आपल्या गाईम्हशींत आढळतो तो ह्याचाच अधिक लांबट भाऊबंद. त्याची गोगलगाय निराळी, परंतु वाट हीच. पावसाळा सरून तळीं आटूं लागलीं, म्हणजे कांठच्या हिरव्या गवतावर तो गुरांची वाट पाहत असतो.