प्रॉबॅबिलिटी म्हणजे नुसती मोजामोज नव्हे

पदवीला प्रॉबॅबिलिटीचा ऑनर्स पेपर घ्यावा का, असा विषय निघाला की एक सल्ला हमखास कानावर येतो : ‘अकरावी-बारावीला पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन जमलंय ना? मग काळजी नाही. पुढेही तेच, फक्त गणितं जरा अवघड.’ पालक हे सांगतात, क्लासवाले सांगतात, वरच्या वर्गातली मुलंही सांगतात. आणि ते साफ चूक आहे. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनने सुटणारी संभाव्यतेची उदाहरणं एका गृहीतकावर चालतात : प्रत्येक शक्यता सारख्याच वजनाची आहे. ते मान्य केलं की अनुकूल शक्यता मोजायच्या आणि एकूण शक्यतांनी भागायचं. पण ते मान्य का करायचं? ऑनर्सचा अभ्यास इथून सुरू होतो. हा प्रश्न किरकोळ समजू नये. द’अलांबेरसारख्या गणितज्ञाने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवल्यावर एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता २/३ आहे. त्याच्या हिशेबात शक्यता तीनच : पहिल्याच वेळी छापा, दुसऱ्या वेळी छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. खरं उत्तर ३/४. त्याची बेरीज चुकली नव्हती. त्या तिन्ही शक्यता सारख्या धरल्या, तिथे तो चुकला.

जोझेफ बेर्त्राँने १८८९ मध्ये हीच अडचण आणखी टोकाला नेली. वर्तुळात एक जीवा ‘कशीही’ काढायची. आत बसणाऱ्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा ती लांब असण्याची संभाव्यता किती? जीवेची दोन टोकं परिघावर कुठेही निवडली, तर १/३. एक त्रिज्या घेऊन तिच्यावर जीवेचा मध्यबिंदू कुठेही निवडला, तर १/२. आणि मध्यबिंदू वर्तुळाच्या आत कुठेही निवडला, तर १/४. तिन्ही रीती बिनचूक आहेत. प्रश्नच अर्धवट होता, कारण ‘कशीही’ म्हणजे नेमकं कसं, ते सांगितलेलंच नव्हतं. यावर कुणी म्हणेल, संगणकावर दहा लाख जीवा काढून बघू. बघा; जी रीत प्रोग्रॅममध्ये लिहाल तिचंच उत्तर येईल. शिवाय इथे शक्यता अनंत आहेत, मोजायला घ्यायचं तरी काय? गणितज्ञ हिल्बर्टने १९०० साली मांडलेल्या प्रश्नांच्या यादीतल्या सहाव्या प्रश्नात प्रॉबॅबिलिटीला पक्का पाया देण्याची मागणी होती. तो पाया आज सर्वमान्य असलेल्या रूपात कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये घातला : संभाव्यता ऋण नसते, एकूण संभाव्यता १ असते, आणि एकत्र घडू न शकणाऱ्या घटनांची, मग त्यांची मालिका अनंत का असेना, संभाव्यता बेरजेने मिळते. ऑनर्सच्या सिद्धता याच नियमांवर उभ्या राहतात, मोजणी हे त्यांतलं केवळ एक साधन.

मग हे एम.एस्सी.लाच ठेवावं, या नियमांमागच्या प्रगत गणिताशिवाय, म्हणजे मेझर थिअरीशिवाय, समजणार कसं, असाही आक्षेप येतो. तो टिकत नाही. विल्यम फेलरच्या प्रॉबॅबिलिटीवरच्या गाजलेल्या पुस्तकाच्या १९५० च्या पहिल्या खंडात एकेक करून मोजता येण्याजोग्या शक्यतांच्या बाहेर पाऊलही टाकलेलं नाही, तरी त्यात रँडम वॉकपासून मार्कोव्ह साखळ्यांपर्यंत सगळं आहे.

बाकीचे समज थोडक्यात. सलग पाच काटे पडले म्हणून छापा ‘येणं लागत’ नाही. नाण्याला मागचं काही आठवत नाही. सरासरी जुळते ती प्रमाणात, संख्येत नव्हे : १०० फेकींत छाप्यांचा ५० पासूनचा फरक साधारण ५ च्या घरात असतो, १०,००० फेकींत ५,००० पासूनचा फरक ५० च्या घरात. संभाव्यता शून्य म्हणजे अशक्य, असंही नाही. ० आणि १ यांमध्ये समान न्यायाने निवडलेल्या कोणत्याही ठरावीक संख्येची संभाव्यता शून्यच असते, तरी कोणती तरी संख्या निघतेच. एकत्र घडू न शकणाऱ्या घटना स्वतंत्र असतात हे तर उलटंच : दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर त्या कधीच स्वतंत्र नसतात. आणि हा विषय जुगाऱ्यांचा म्हणणाऱ्यांनी दामोदर कोसंबींकडे पाहावं. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने पुण्यात असताना १९४३ मध्ये मांडलेली पद्धत पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि आज सिग्नल प्रोसेसिंगमध्ये सर्रास वापरली जाते.

तेव्हा पेपर निवडण्याआधी अभ्यासक्रम स्वतः वाचा. त्यात सशर्त अपेक्षा, मोठ्या संख्यांचा नियम आणि त्यांच्या सिद्धता असतील, तर सुट्टीत लिमिट, अनंत श्रेणी आणि इंटिग्रेशन पक्कं करा. पर्म्युटेशनची गाइडं तेवढ्यापुरती बाजूला राहू द्या.