मोटारीच्या गिअरबॉक्सची दुखणी

मोटारीचे इंजिन बंद पडले म्हणजे मालकाला ते सांगावे लागत नाही. गाडी उभीच राहते. गिअरबॉक्सचे दुखणे असे एकाएकी उभे राहत नाही. ते आधी कुरकुरते, मग अडते, आणि पुष्कळदा कुरकुर एकीकडे व मूळ दोष दुसरीकडे, असा प्रकार असतो. याचा परिणाम काय होतो? गिअर पडत नाही म्हणून गाडी गॅरेजात जाते, पेटी उतरविली जाते, उघडली जाते, चार दिवस गाडी ठोकळ्यांवर राहते, आणि शेवटी दोष सापडतो तो क्लचच्या सैल झालेल्या केबलमध्ये! ज्याची गाडी हौसेची आहे त्याला हा भुर्दंड एक वेळ सोसेल. परंतु ज्याची चूल टॅक्सीवर किंवा शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीवर पेटते, त्याच्या घरात या चार दिवसांत काय होते, हे सांगावयास नको. म्हणून या विवेचनात आम्ही मुख्यतः एकच सूत्र मांडणार आहोत: दुखणे पेटीच्या आत आहे की बाहेर, हे ठरविल्यावाचून पेटी उघडू नये. हे ठरविण्यास कान, नाक, हात आणि थोडी शिस्त एवढे भांडवल पुरते.

पेटी कशासाठी?

प्रथम ही पेटी हवीच कशाला, ते पाहू. एखाद्या लहान मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर असतो असे धरा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. तेव्हा चाक मिनिटाला सुमारे २७८ फेरे घेईल. पहिल्या गिअरात इंजिनाचे साडेतीन फेरे झाले म्हणजे पेटीतून एक फेरा बाहेर पडतो, आणि पुढे डिफरन्शिअलमध्ये त्याचे आणखी चौथाईवर येणे होते, असे समजू. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १४ फेरे, एकूण मिनिटाला सुमारे ३,९००. हाच वेग पाचव्या गिअरात, ०.८ या प्रमाणाने, ठेवला तर इंजिनाला अवघे ८९० फेरे मिळतील. इंजिन नुसते जागेवर गुरगुरत असते तेव्हाही त्याचे फेरे जवळजवळ इतकेच असतात. अशा फेऱ्यांत त्याच्या अंगी ओढण्याचे बळ कुठून येणार? गाडी हिसके देते व बंद पडते. तात्पर्य, इंजिनाला सोसतील ते फेरे आणि चाकाला हवे ते बळ यांची सांगड घालणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स.

इंजिन आणि ही पेटी यांच्या मध्ये क्लच असतो. पायाखालचा दांडा दाबला की इंजिनाचा व पेटीचा संबंध तुटतो, सोडला की जुळतो. पूर्वी पेटीतील दंतचक्रेच सरकवून एकमेकांत अडकवावी लागत, आणि दोन्हींचे फेरे जुळले नाहीत तर दात करकरत. १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेशची योजना आली आणि हे कौशल्य सामान्य चालकाला अनावश्यक झाले. आजच्या पेटीत पुढे जाण्याच्या गिअरांची चक्रे नेहमीच एकमेकांत गुंतलेली असतात. सरकते ती मधली बाही. बाही अडकण्यापूर्वी एक लहानशी कडी, जी बहुधा पितळी असते, घर्षणाने दोन्हींचे फेरे सारखे करून देते. ही कडी म्हणजेच सिंक्रो रिंग. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील निदान सोपे जाते.

निदानाची वाट

पहिली परीक्षा उभ्या गाडीत करावी. इंजिन बंद ठेवून सारे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते सहज पडतात, पण इंजिन चालू केल्यावर सगळेच अडतात, असे असेल तर पेटीवर संशय घेण्याचे कारण नाही. क्लच पुरता सुटत नाही, हा त्याचा अर्थ. केबल ताणली गेली असेल. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर त्यातील तेल उतरले असेल किंवा नळीत हवा शिरली असेल. खात्रीसाठी क्लच पूर्ण दाबून चारपाच सेकंद थांबावे व हलकेच रिव्हर्स टाकावा. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रो नसतो. म्हणून क्लच अडकत असेल तर तो तेथे करकरून चुगली करतो. उलट, इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील तर दांड्यापासून पेटीपर्यंतच्या केबली, सांधे व बुश आधी पाहावेत. तेथे सर्व ठीक निघाले तरच पेटीकडे वळावे.

दुसरी परीक्षा कानाची. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला. अशा वेळी घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच ती थांबते. क्लच दाबल्याने पेटीतील पहिला दांडा फिरावयाचा थांबतो; तेव्हा त्या दांड्याच्या बेअरिंगवर बोट ठेवता येते. याच्या उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा. पहिले दुखणे पेटीतले, दुसरे पेटीबाहेरचे. आणि दोहोंमधील फरक कळावयास एक पै खर्च येत नाही.

तिसरी परीक्षा रस्त्यावरची. ती मोकळ्या व निर्धोक रस्त्यावरच करावी. चढावर वरच्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचे फेरे भराभर वाढतात पण गाडी वेग घेत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरत आहे. एकच गिअर, उदाहरणार्थ दुसरा, टाकताना करकरतो व बाकीचे निमूट पडतात, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. पडलेला गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो, तर बाहीचे दात, तिला जागेवर धरणारी स्प्रिंग, किंवा इंजिनाचे तुटलेले माउंटिंग, यांपैकी काही तरी आहे. यांतील माउंटिंग पेटीबाहेरचे व स्वस्त, म्हणून ते आधी पाहावे. वळण घेताना पुढच्या चाकाशी कटकट वाजते, तर तो ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. आवाज गिअर बदलूनही तसाच राहतो आणि केवळ गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर तपासावे.

तेल काय सांगते?

पेटी न उघडता तिच्या पोटातले सांगणारा साक्षीदार म्हणजे तिचे तेल. गाडी थोडी चालवून, तेल कोमट असताना, समपातळीवर ते काढावे. तत्पूर्वी भरण्याचा बूच सैल होतो की नाही ते पाहावे, नाही तर तेल काढून बसलो आणि भरावयाची सोय नाही, अशी फजिती व्हावयाची. खालच्या बुचाला पुष्कळदा चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरू नये. ती नित्याची झीज आहे. तेलात पितळी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंगा झिजत आहेत. पोलादाचे तुकडे हाती आले तर मात्र गाडी पुढे न चालविणेच शहाणपणाचे. आज एका बेअरिंगवर भागणारे काम उद्या साऱ्या पेटीवर जाईल.

नवे तेल निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ‘अधिक भारी’ म्हणून कोणी जीएल-४ च्या जागी जीएल-५ तेल सुचविले तर थांबावे. त्यातील गंधक व फॉस्फरस यांची द्रव्ये काही पेट्यांतील पितळी कड्यांना मानवत नाहीत.

दुरुस्ती

केबलचा ताण जुळविणे, तेल बदलणे, माउंटिंग बदलणे ही कामे थोडक्यात होतात. क्लच बदलावयाचा तर पेटी उतरवावीच लागते, आणि खर्चाचा मोठा भाग या उतरविण्या-चढविण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलावीत, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहून घ्यावा, आणि झिरपणारे ऑईल सीलही त्याच वेळी बदलावे. तेल प्लेटवर आले तर नवी प्लेटही घसरेल. पेटी खरोखरच उघडावी लागली तर एका कडीपुरते पाहून न थांबता तिच्या शेजारची बेअरिंगे तपासून घ्यावीत. आणि एक सूचना जिवाची: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अनुभवी मिस्त्रीनेसुद्धा, जाऊ नये. गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी, चाकांना उटी लावाव्यात, मगच हत्याराला हात घालावा.

येथे कोणी विचारील की, आता गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्या आल्या, त्यांचे काय? १९३९ साली अमेरिकेत हायड्रामॅटिक आली, १९५८ साली हॉलंडच्या डाफ मोटारीत पट्ट्यावर चालणारी योजना आली. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून एएमटी लहान गाड्यांत रुळली. यांतील एएमटी ही मूळची साधीच पेटी. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. तेव्हा वरील निदान तिलाही बरेचसे लागू पडते. भर एवढीच की बॅटरी, सेन्सर व ते हलविणारे यंत्र आधी तपासावे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्वयंचलित पेटीत मात्र ‘डी’ लावल्यावर गाडी उशिरा हलणे, बदलताना झटका किंवा थरथर, आणि तेलाला काळेपणा व करपट वास, ही लक्षणे पाहावीत. तिचे व पट्ट्याच्या सीव्हीटीचे तेल निराळे असते. एकाचे दुसऱ्यात घालणे म्हणजे पेटीचा नाश ओढवून घेणे होय.

दुखणे येऊच नये म्हणून

क्लचवर पाय विसावून गाडी चालविणे, चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरणे, या दोन सवयी पुष्कळ प्लेटा जाळतात. एएमटी गाडी चढावर ॲक्सिलरेटरने थोपवून धरणे हा त्याचाच नवा अवतार. चढावर थांबताना ब्रेक वापरावा. घाट उतरताना तेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे तर सर्वांत घातक. इंजिनाचा अटकाव जातो, सारा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

शेवटी मालक आणि मिस्त्री या दोघांविषयी. मालकाने ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल घेऊन गॅरेजात जाऊ नये. आवाज केव्हा येतो, कोणत्या गिअरात येतो, क्लच दाबल्यावर थांबतो का, एवढी हकीकत नीट सांगावी आणि बदललेले भाग परत मागून पाहावेत. मिस्त्रीनेही पाना उचलण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. वैद्य नाडी पाहिल्यावाचून काढा देत नाही, त्याला आपण शहाणा म्हणतो; तेलकट हातांनी हीच शिस्त पाळणारा कारागीर त्याहून कमी शहाणा कसा? पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हा शास्त्राचा पहिला धडा. तो गॅरेजात पाळला गेला, तर कोणा टॅक्सीवाल्याचे चार दिवस वाचतील.