वेबपृष्ठावरील घटकांचे सशर्त प्रदर्शन : पैठणीच्या विणीच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या संकेतस्थळांचे स्वरूप गेल्या दोन दशकांत पालटले आहे. पूर्वी प्राचार्यांचे मनोगत, अभ्यासक्रमांची यादी आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे एवढाच मजकूर तेथे असे व तो सर्वांना सारखाच दिसे. आज त्याच संकेतस्थळावर विद्यार्थ्याला स्वतःची उपस्थिती, प्राध्यापकाला गुणनोंदणीचा तक्ता आणि कार्यालयाला शुल्काचा हिशेब दिसावा अशी अपेक्षा असते. पृष्ठ एकच असते. पाहणारा बदलला की त्यावरील घटक बदलतात. ‘अमुक अट पूर्ण होत असेल तर हा घटक दाखवावा, अन्यथा दाखवू नये’ या तत्त्वाला सशर्त प्रदर्शन म्हणता येईल.

वरकरणी हा विषय सोपा वाटतो. तथापि ‘दाखवू नये’ या शब्दांचे दोन भिन्न अर्थ संभवतात. घटक पृष्ठावर आहे पण झाकलेला आहे, हा एक अर्थ. घटक पृष्ठावर मुळी नाहीच, हा दुसरा. पडद्यावर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. हा भेद समजावून देण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीइतके चपखल उदाहरण क्वचितच सापडेल.

पैठणीची उलट बाजू

येवला व पैठण येथील पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. येवल्यात पैठणी घेण्यास गेलेली जाणकार गृहिणी पदरावरचा मोर पाहून थांबत नाही. ती पदर उलटा करते. हातमागावरील पारंपरिक पैठणीत नक्षी ताणा-बाण्याच्या गुंफणीतूनच घडते. मोराचा निळा धागा मोराच्या हद्दीपुरताच जातो, तेथून परत फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या किंवा जरीच्या धाग्यात अडकतो. त्यासाठी विणकर प्रत्येक रंगाची स्वतंत्र लहान कांडी हाताने फिरवतो. जेथे मोर नाही तेथे निळा धागा नाही. म्हणूनच अशा पैठणीची उलट बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते.

जकार्ड यंत्रावर विणलेल्या साडीत व्यवस्था वेगळी असते. तेथे नक्षीचा जादा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. नक्षी असेल तेथे तो वर येतो आणि नसेल तेथे कापडाच्या पाठीमागून मोकळा धावतो. सुलट बाजूस तो दिसत नाही, पण असतो. साडी उलटी केली की ते मोकळे धागे हाताला लागतात. विणकामाला जो वेळ लागतो त्यातील मोठा फरक येथूनच निर्माण होतो. हाताच्या पद्धतीत प्रत्येक रंगबदलाला थांबावे लागते, तर यंत्राच्या पद्धतीत धोटा सलग धावतो. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. त्यातील पुठ्ठ्याच्या पट्टीवर छिद्र असेल तर ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तर नाही. संगणकाच्या इतिहासात या पट्ट्यांचा उल्लेख नेहमी येतो, तो उगाच नव्हे.

व्ह्यूमधील दोन पद्धती

इव्हान यू यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्ह्यू या फ्रेमवर्कमध्ये या दोन्ही विणी स्वतंत्र नावांनी आढळतात. व्ही-इफ ही हातमागाची रीत होय. अट असत्य असेल तर तो घटक ब्राउझरच्या दस्तऐवज-रचनेत निर्माणच होत नाही. अट सत्य झाली की तो नव्याने घडवला जातो आणि पुन्हा असत्य झाली की मोडून टाकला जातो. व्ही-शो ही जकार्डची रीत. घटक आरंभीच तयार होतो व रचनेत कायम राहतो. केवळ त्याच्या शैलीतील ‘डिस्प्ले’ हा गुणधर्म बदलून तो झाकला किंवा उघडला जातो. अँग्युलरजेएस या आधीच्या फ्रेमवर्कमध्येही अशीच जोडी होती. रिअॅक्टमध्ये यासाठी वेगळे शब्द नाहीत; तेथे जावास्क्रिप्टची नेहमीची अटच लिहावी लागते. सोय खरी, पण सूचनांची संख्या शून्य असताना ‘आणि’ या चिन्हाने लिहिलेली अट पृष्ठावर एक एकाकी शून्य उमटवते आणि नवशिक्याचा तासभर वेळ घेते.

कोणती पद्धत केव्हा वापरावी याचा सर्वसाधारण निकष सोपा आहे. वारंवार उघडझाप होणाऱ्या घटकासाठी, उदाहरणार्थ वेळापत्रकाखालील तपशिलासाठी, व्ही-शो स्वस्त पडते, कारण मोडण्या-घडवण्याचा खर्च वाचतो. क्वचितच लागणाऱ्या किंवा आकाराने मोठ्या घटकासाठी व्ही-इफ योग्य, कारण गरज नसेल तर तो घडवण्याचा आरंभीचा खर्चच होत नाही.

अर्जातील अडचणी

प्रत्यक्षात मात्र केवळ वेगाचा हिशेब पुरत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे उदाहरण घेऊ. ‘राखीव प्रवर्गातून अर्ज करीत आहात काय?’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर दिल्यास जात प्रमाणपत्राच्या क्रमांकाचा रकाना दिसतो. हा रकाना अनिवार्य ठेवून व्ही-शोने झाकला असेल, तर ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याच्या पृष्ठावरही तो रिकामा आणि अनिवार्यच राहतो. ब्राउझर अर्ज स्वीकारत नाही. आणि ज्या रकान्याविषयी तक्रार करावयाची तो झाकलेला असल्याने सूचनाही दाखवू शकत नाही. विद्यार्थी ‘सादर करा’ हे बटण दाबत राहतो, काहीच घडत नाही, आणि मुदत संपते. अशा अर्जाविषयी ‘नेटवर्क नसेल’ असे सांगून त्याला परत पाठवले जाते.

येथे व्ही-इफ वापरल्यास रकाना नाहीसा होतो व अर्ज पुढे जातो, परंतु दुसरी दक्षता घ्यावी लागते. विद्यार्थ्याने आधी ‘होय’ निवडून क्रमांक लिहिला आणि मग उत्तर बदलले, तर रकाना जातो. मात्र तो क्रमांक मूळ घटकाच्या माहितीत बांधलेला असल्यास तेथे शिल्लक राहून अर्जासोबत पाठवला जाऊ शकतो. उलटपक्षी, माहिती त्या मोडलेल्या उपघटकातच साठवली असेल तर चुकून उत्तर बदलणाऱ्याचे सर्व लेखन पुसले जाते. यातील काय इष्ट, हे फ्रेमवर्क ठरवू शकत नाही. ते अर्जाचा नियम जाणणाऱ्या व्यक्तीने, म्हणजे बहुधा समितीवरील प्राध्यापकाने, सांगावयाचे असते.

झाकणे आणि राखणे

याहून गंभीर चूक माहितीच्या गोपनीयतेची आहे. विद्यार्थ्याला गुणनोंदणीचा तक्ता दिसत नाही, म्हणून तो त्याच्यापर्यंत पोहोचला नाही असे मानले जाते. व्ही-शोच्या बाबतीत हा समज उघडच खोटा आहे. ब्राउझरमधील तपासणीची सोय उघडणे म्हणजे साडी उलटी करून पाहणे होय, आणि ते कोणताही विद्यार्थी करू शकतो. परंतु व्ही-इफनेही ही उणीव भरून निघत नाही, आणि पैठणीची उपमा येथे थांबते. व्ही-इफमुळे घटक रचनेत येत नाही हे खरे. मात्र सर्व विद्यार्थ्यांचे गुण सर्व्हरने आधीच ब्राउझरकडे पाठवले असतील तर ते तेथे पोहोचलेलेच असतात. मोर विणला नाही, पण निळ्या रेशमाची लड ग्राहकाच्या पिशवीत गेली, असा हा प्रकार.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात ऑक्टोबर 2021 मध्ये हे प्रकरण जाहीरपणे घडले. राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर शिक्षकांची माहिती शोधता येत असे. पडद्यावर दिसत नसलेले शिक्षकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक पृष्ठाच्या मूळ संहितेत पोहोचत असल्याचे एका वृत्तपत्राच्या पत्रकाराला आढळले. त्याने विभागाला कळवले आणि दोष दूर होईपर्यंत बातमी रोखून धरली. एक लाखाहून अधिक शिक्षकांचे क्रमांक धोक्यात होते. तरीही राज्यपालांनी पत्रकारावरच खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारी वकिलांनी आरोप ठेवण्यास नकार दिला. पृष्ठाची उलट बाजू पाहणे म्हणजे चोरी, असा समज सत्तेच्या उच्च स्थानीही असू शकतो, हे यातून दिसले.

भारतात 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आहे आणि विद्यार्थ्यांचे गुण, जात, उत्पन्न व भ्रमणध्वनी क्रमांक ही सर्व वैयक्तिक माहितीच आहे. म्हणून कोणाला काय द्यावयाचे याचा निर्णय सर्व्हरवर, प्रत्येक मागणीच्या वेळी, मागणाऱ्याची ओळख तपासून घ्यावा लागतो. त्यानंतर उरते ते सोयीचे काम, आणि व्ही-इफ व व्ही-शो यांचे क्षेत्र तेवढेच आहे. संकेतस्थळ तयार करून घेणाऱ्या समितीला याची चाचणी स्वतः घेता येते. विद्यार्थ्याच्या नावाने प्रवेश करावा, ब्राउझरमधील तपासणीची सोय उघडावी, ‘नेटवर्क’ या भागात सर्व्हरकडून आलेला मजकूर वाचावा आणि त्यात दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव सापडते का ते पाहावे.