नोंदी ठेवायच्या किती, पुसायच्या कधी? : तपासणी यंत्रातल्या फुगलेल्या लॉग फाइलची गोष्ट

(पारशिवनी येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला म्हातारा कारखान्यातल्या यंत्राबद्दल काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. रास्त आहे. पण या विषयात मला एका मुलीनं ओढलं. आपल्याच तालुक्यातली, माझ्या जुन्या विद्यार्थ्याची लेक. आयटीआय करून पुण्याकडे एका कारखान्यात लागली. कारखान्याचं नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथं सर्किट बोर्ड तपासायच्या यंत्रावर तिची नेमणूक.

एका रात्री तिचा फोन. "सर, मला मेमो दिला. म्हणतात तू हळू काम करते. मी काहीच केलं नाही हो. मशीनच हळू चालते."

आता मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पुरावा म्हणजे काय, हे मी छत्तीस वर्षं शिकवलं. मी म्हटलं, "अगं, 'हळू' म्हणजे किती? एका वहीत लिही. तारीख, वेळ, एका बोर्डाला लागलेले सेकंद. दुसरं काही लिहू नको." तिनं तीन आठवडे लिहिलं. पहिल्या दिवशी एका बोर्डाला ५२ सेकंद, शेवटच्या दिवशी ६८. शिफ्ट कोणतीही असो, माणूस कोणताही असो, आकडा वरच चढत होता. माणूस थकला तर पहाटे हळू होतो आणि झोप घेऊन पुन्हा ताजा होतो. हे यंत्र ताजं होतच नव्हतं.

यंत्र काय करतं ते आधी पाहू. मोबाइलचा चार्जर, विजेचं मीटर, मोटारीतला कंट्रोलर, यांच्या पोटात एक हिरवी पाटी असते. तिच्यावर शेकडो बारीक भाग डाखलेले असतात. डाख नीट बसला का, रोध योग्य मूल्याचा आहे का, दोन वाटा चुकून जुळल्या का, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून पाटी एका साच्यावर ठेवतात, त्याला फिक्स्चर म्हणतात. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या शेकडो सुया असतात, त्या पोगो पिना. पाटी खाली दाबली की प्रत्येक पिन आपापल्या ठिकाणी टेकते आणि संगणक एकेक माप घेतो. पास किंवा फेल. आणि जे जे केलं ते लिहून ठेवतो. ही लिहिलेली वही म्हणजे लॉग फाइल.

लॉग म्हणजे खरं तर लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून पाण्यात सोडत, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या ते मोजत आणि वहीत टिपत. त्या वहीलाच पुढे लॉग म्हणू लागले. आपल्याकडे दुकानदाराची रोजकीर्द असते तशीच ही वही. झालेला व्यवहार, झाला त्या क्रमानं.

पण दुकानदार एक शहाणपण करतो. लक्ष्मीपूजनाला नवी वही घालतो. जुनी बांधून माळ्यावर टाकतो. यंत्राला कोणी नवी वही घातलीच नाही तर?

हिशेब करू. समजा एका बोर्डाची नोंद ४० केबीची. दिवसाला १,२०० बोर्ड. म्हणजे रोज ४८ एमबी. फार नाही. पण एखादी पिन फ्लक्सच्या चिकट्यानं माखली आणि नीट टेकत नाही, म्हणून यंत्र तेच माप दहा-दहा वेळा घेतं आणि दर वेळी चार ओळी लिहितं, तर नोंद सहज दसपट होते. रोज ४८० एमबी, पंचवीस दिवसांत १२ जीबी.

त्यात काही प्रोग्राम असे लिहिलेले असतात की नवी ओळ शेवटी जोडण्याऐवजी ते पूर्ण फाइल वाचतात, ओळ घालतात आणि पूर्ण फाइल पुन्हा लिहितात. पटवाऱ्यानं एक फेरफार नोंदवायला अख्खं दप्तर नव्यानं नकलून काढावं, तसं. फाइल जितकी मोठी, तितका प्रत्येक बोर्डाला उशीर. त्या मुलीच्या वहीतला चढता आकडा हाच होता.

मग शोध कसा घ्यायचा? मेंटेनन्सच्या एका समजूतदार माणसानं तिची वही पाहून जे केलं, त्याचा क्रम सांगतो.

पहिलं, डिस्क किती भरली आणि कोणत्या फोल्डरमुळे, ते पाहिलं. दुसरं, त्या फाइलचा आकार सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा टिपला. नुसत्या आकारावरून फार कळत नाही, वाढीचा वेग कळायला हवा. तिसरं, फाइल पुसण्याआधी शेवटची काही पानं वाचली. इथं बहुतेक लोक चुकतात. जागा हवी असते, घाई असते, पुसून मोकळे होतात. वाचलं असतं तर दिसलं असतं की एकच ओळ हजारो वेळा आली आहे, आणि त्या ओळीत एकाच पिनेचा क्रमांक आहे.

चौथं, प्रत काढली. पेन ड्राइव्हवर काढत असाल तर ध्यानात ठेवा, जुन्या फॅट३२ पद्धतीचा पेन ड्राइव्ह ४ जीबीहून मोठी एकच फाइल घेत नाही, मग तो रिकामा का असेना.

पाचवं, प्रोग्राम बंद करून फाइलचं नाव बदललं. सुरू केल्यावर प्रोग्रामनं आपोआप नवी फाइल उघडली. चालू प्रोग्रामखालून फाइल ओढू नये. विंडोज बहुतेक वेळा नकारच देतं. लिनक्स पुसू देतं, पण प्रोग्रामनं ती धरून ठेवलेली असेल तर जागा सुटत नाही. यादीत फाइल दिसत नाही आणि डिस्क मात्र भरलेलीच. माणूस चक्रावून जातो.

नाव बदलल्यावर वेळ ६८ वरून ४४ सेकंदांवर आला. पिन साफ केल्यावर ४१. म्हणजे दोष दोन होते. फाइल फुगली होती, आणि ती फुगवणारी पिन वेगळी होती. नुसती फाइल पुसली असती तर महिनाभरात मेमो पुन्हा आलाच असता.

हे छोट्या कारखान्यातच होतं असं नाही बरं का. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने थांबले. कंपनीनं नंतर कारण सांगितलं. सर्व्हरच्या देखभालीत साठलेला डेटा पुसून लावून घेत होते, त्यातच डिस्कची जागा कमी पडली. राखीव सर्व्हरही त्याच व्यवस्थेवर चालत होते, तेही त्याच कारणानं बसले. यातून काय घ्यायचं? साफसफाईलाही जागा लागते. काठोकाठ भरेपर्यंत थांबलात तर साफ करायलाही जागा उरत नाही.

तोतलाडोहचे दरवाजे कधी उघडतात, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. पाणी भिंतीवरून वाहू लागल्यावर नाही, त्याच्या आधी. यंत्रातही तसंच. फाइल अमुक आकाराची झाली की नवी सुरू व्हावी, जुन्या दाबून वेगळ्या डिस्कवर जाव्यात, डिस्क ८० टक्के भरली की कोणाला तरी सूचना जावी. दोष शोधताना चालू केलेली सविस्तर नोंद काम झाल्यावर बंद करावी. ही सगळी मिळून दोन तासांची कामं. ती 'कोणाची' हे ठरलेलं नसतं, म्हणून होत नाहीत.

आता माझ्या विषयाकडे येतो. न्यायशास्त्रात अनुभव आणि स्मृती वेगळ्या मानल्या आहेत. अनुभवाचा संस्कार आत पडून राहतो, काही निमित्त झालं की जागा होतो, तेव्हा ती स्मृती. लॉग फाइल हा संस्कारांचा ढीग आहे. कोणीतरी प्रश्न घेऊन आल्याशिवाय त्यातली ओळ काही सांगत नाही.

मग सगळंच ठेवायचं का? आपल्या भागातल्या कोतवाल बुकाचं पाहा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवी. आज जात पडताळणीसाठी नातवंडं त्याच नोंदी शोधत तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये उभी असतात. लिहिणाऱ्याला याची कल्पनाही नसेल. पण त्यानं काय लिहिलं? एकेक ओळ. कोतवालानं गावातला प्रत्येक संवाद लिहिला असता तर ती ओळ आज सापडली नसती. म्हणून यंत्राच्या नोंदीचेही दोन भाग करावेत. बोर्डाचा क्रमांक, वेळ, निकाल, मापं हे लहान असतं, ते ग्राहकाशी ठरलं असेल तितकी वर्षं जपावं. यंत्राची बडबड काही आठवडे ठेवावी, मग जाऊ द्यावी.

श्रोत्यांतून प्रश्न: सर, त्या मुलीचं काय झालं?

मला वाटलंच होतं विचाराल. सुपरवायझर म्हणाले, "झालं ते झालं." पण मेमोचा कागद तिच्या फाइलमध्ये तसाच होता. यंत्राची फाइल साफ झाली, तिची नाही. ती म्हणाली, "सर, तो कागद फाडायला सांगू का?" मी म्हटलं, "नको. फाडला तर कोणीतरी म्हणेल की काही लपवलं. त्याच कागदाखाली लिहून माग, की चौकशीत दोष यंत्राचा आढळला. तारीख आणि सही घे. सोबत तुझ्या वहीची झेरॉक्स लाव."

दोन महिने मागे लागावं लागलं. सही मिळाली. ती वही अजून तिच्याजवळ आहे, आणि आता नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगते की सेकंद लिहून ठेवा.